आधीं आराखडा कीं आधीं आरंभ?

'लग्न पाहावें करून, घर पाहावें बांधून' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें दोन अगदीं भिन्न जातींचीं कार्यें एका दावणीला बांधून ठेवलीं आहेत, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. लग्नाचा मुहूर्त एकदां ठरला कीं तो हलत नाहीं. पाहुणे त्याच दिवशीं येणार, अंतरपाट त्याच घटकेला धरला जाणार, आणि जें कांहीं करावयाचें तें त्यापूर्वीं झालेंच पाहिजे. म्हणून लग्नघरांत आधीं याद्या होतात. आमंत्रणांची यादी, आहेराची यादी, वाणसामानाची यादी. आणि ज्या घरांत ती यादी करणारी एखादी खमकी आत्याबाई असते, त्या घरचें कार्य सुरळीत पार पडतें. घराची गोष्ट निराळी. आधीं दोन खोल्या आणि एक पडवी, मग मुलांच्या मुंजी झाल्या म्हणजे मागची खोली, सुना आल्या म्हणजे माडी, अशा रीतीनें कित्येक घरें तीन तीन पिढ्या वाढत असतात, आणि 'घर आतां पुरें झालें' असें म्हणण्याचा दिवस बहुधा उगवतच नाहीं. एक कार्य सर्व ठरवून मग करावयाचें. दुसरें करतां करतां ठरवावयाचें.

या भेदाचा विचार आम्हांस अलीकडे वारंवार करावा लागतो, याचें कारण आमची सूनबाई. पुण्याजवळ हिंजवडीस संगणकाचें सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनींत ती नोकरी करते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा एखादा मुलगा, मुलगी, जांवई अथवा सून नाहीं, अशीं घरें आतां थोडींच उरलीं असतील. त्यांच्या तोंडचे 'स्प्रिंट', 'स्टँड-अप', 'बॅकलॉग' हे शब्द जेवणाच्या पानावर ऐकूं येतात, आणि वडीलधारीं माणसें तें परक्या शास्त्राचें म्हणून सोडून देतात. आम्हांस तें सोडून देववलें नाहीं. विचारतां विचारतां असें कळलें कीं, यादी करणारी आत्याबाई आणि घर वाढविणारा गवंडी यांच्यांतला जो भेद, त्याच भेदावरून या धंद्यांत गेलीं कित्येक वर्षें दोन पंथ पडलेले आहेत. आणि त्यांच्या वादांत कोट्यवधि डॉलरांची व हजारों माणसांच्या रात्रींच्या झोंपेची हारजीत होत आलेली आहे.

पहिला पंथ जुना व मानमरातबाचा. अमेरिकेंतील इंजिनियर हेन्री गँट यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पट्ट्यांचे तक्ते प्रचारांत आणले. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी, ती कोणत्या तारखेस सुरू होते व कोणत्या तारखेस संपते हें एका दृष्टिक्षेपांत दिसावें, अशी योजना. पुढें १९५७-५८ च्या सुमारास दोन सुधारणा झाल्या. ड्यूपाँ या रसायनांच्या कंपनीनें रेमिंग्टन रँडच्या साहाय्यानें 'क्रिटिकल पाथ' ची रीत काढली, आणि अमेरिकेच्या आरमारानें पाणबुडींतून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राकरितां 'पर्ट' नांवाची तशीच रीत काढली. नांवें भारी असलीं तरी कल्पना आमच्या स्वयंपाकघरांत रोज वावरते. पुरणपोळीचा नैवेद्य बाराला दाखवावयाचा असेल तर डाळ शिजणें, पुरण घोटणें, तें वाटणें आणि पोळ्या लाटणें ही एक सांखळी आहे. डाळ अर्धा तास उशिरा चढली कीं नैवेद्य अर्धा तास लांबलाच. कोशिंबीर मात्र सकाळीं नऊला करा कीं साडेअकराला करा, नैवेद्यास त्याचें सोयरसुतक नाहीं. कोणतीं कामें डाळीसारखीं आणि कोणतीं कोशिंबिरीसारखीं, हें हजारों कामांच्या पसाऱ्यांत शोधून काढण्याचें गणित म्हणजेच ती रीत. पूल, धरणें, कारखाने, जहाजें यांचीं कामें या पद्धतीनें उत्तम झालीं व आजहि होत आहेत.

संगणक आले तेव्हां त्यांचें सॉफ्टवेअरहि याच पद्धतीनें करावें असें ठरलें, आणि तें ठरणें स्वाभाविक होतें. आधीं गिऱ्हाइकास काय हवें तें संपूर्ण लिहून घ्यावें, मग रचना, मग प्रत्यक्ष लेखन, मग चांचणी, मग स्वाधीन करणें. एक पायरी उतरली कीं मागें वळावयाचें नाहीं. म्हणून या पद्धतीस पुढें 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा असें नांव पडलें. यांतील मौज अशी कीं, या पायऱ्यांचें चित्र ज्या लेखामुळें प्रसिद्धीस आलें, तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख या पद्धतीच्या प्रशंसेचा नाहींच. त्यांनीं चित्र काढलें आणि लगेच, अशा सरळ उतरणीनें काम करणें धोक्याचें आहे, कारण चांचणी अगदीं शेवटीं होते व तेथें दोष सांपडला तर पुन्हा वरपर्यंत चढावें लागतें, असें बजावलें. काम एकदां कच्चें करून पाहावें व मग पक्कें करावें, गिऱ्हाइकास मधून मधून बोलावीत जावें, असेहि उपाय त्यांनीं सुचविले. लोकांनीं चित्र उचललें आणि मजकूर वाचला नाहीं. शब्द सोडून आकृति धरण्याची खोड आमच्याच शास्त्री-पंडितांना आहे असें आम्ही समजत होतों. ती सार्वत्रिक दिसते.

धबधब्याची अडचण काय होती, तें सूनबाईनें आम्हांस शिंप्याच्या दृष्टांतानें समजाविलें. चांगला शिंपी माप घेतो, पण कोट एकदम पुरा शिवीत नाहीं. कच्चे टांके घालून तो एकदां अंगावर चढवून पाहतो. गिऱ्हाईक आरशांत पाहिल्यावरच म्हणतें कीं खांद्यावर ओढतो आहे. तें माप देतांना त्याला सांगतां आलें नसतें, कारण तें त्यालाच ठाऊक नव्हतें. सॉफ्टवेअरला तर अंगहि नाहीं आणि आरसाहि नाहीं. पूल कसा असतो हें कोणासहि ठाऊक आहे. पण कचेरींतील शंभर कारकुनांचें काम पडद्यावर कसें दिसावें, हें पडदा पाहिल्यावांचून त्या शंभरांतील एकालाहि नीट सांगतां येत नाहीं. दोन वर्षें खपून केलेलें काम शेवटच्या महिन्यांत दाखवावें आणि "हें असें नको होतें" हे शब्द ऐकावे, असा प्रसंग त्या धंद्यांत इतक्या वेळां घडला कीं लोक दुसरी वाट शोधूं लागले.

ती वाट एका दिवशीं सांपडली नाहीं. जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत ताइइची ओनो यांनीं, पुढच्या टप्प्याला लागेल तेवढाच माल मागच्या टप्प्यानें करावा, अशी शिस्त बसविली होती. १९८६ मध्यें ताकेउची व नोनाका या दोन जपानी अध्यापकांनीं 'हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू' मध्यें लिहिलें कीं, नवी वस्तु तयार करणारी मंडळी शर्यतींतल्या धांवपटूंप्रमाणें एकानें दुसऱ्याच्या हातीं काठी द्यावी तशीं काम न करतां, रग्बीच्या संघाप्रमाणें सर्वांनीं मिळून चेंडू पुढें नेतात. रग्बींतलाच 'स्क्रम' हा शब्द घेऊन केन श्वेबर व जेफ सदरलंड यांनीं १९९५ मध्यें आपली पद्धति जाहीर केली. आणि मग फेब्रुवारी २००१ मध्यें, युटा संस्थानांतील स्नोबर्ड नांवाच्या बर्फाळ डोंगरी ठिकाणीं, अशा निरनिराळ्या नव्या पद्धतींचे १७ पुरस्कर्ते जमले व त्यांनीं एक लहानसा जाहीरनामा लिहिला. या सर्व पद्धतींस त्यांनीं एक नांव दिलें, 'अ‍ॅजाइल'. आपण तिला चपळ पद्धति म्हणूं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: नियम व अवजारें यांपेक्षां माणसें व त्यांचा परस्पर संवाद मोठा; जाडजूड कागदपत्रांपेक्षां चालणारी वस्तु मोठी; करारावर घासाघीस करण्यापेक्षां गिऱ्हाइकाशीं सहकार्य मोठें; आणि आंखलेल्या योजनेपेक्षां बदलाला सामोरें जाणें मोठें. पहिल्या गोष्टी टाकाऊ आहेत असें त्यांनीं म्हटलेलें नाहीं. त्यांनाहि मोल आहे, दुसऱ्यांना अधिक, एवढेंच. हें वाक्यहि पुढें बहुतेकांनीं वाचावयाचें सोडलें.

त्या सतरांत एकहि स्त्री नव्हती. असती तर, यांत नवें तें काय, असें तिनें नक्कीच विचारलें असतें. आयत्या वेळीं चार पानें वाढलीं असतां आमटींत काय घालावें, आणि घरांत उरलेलें संपविल्याशिवाय बाजारांतून नवें आणूं नये, हीं तत्त्वें सांगण्याकरितां बर्फाच्या डोंगरावर जाण्याची गरज एकत्र कुटुंबांतील कोणत्याहि गृहिणीस पडलेली नाहीं.

चपळ पद्धतीचें दैनंदिन रूप असें. करावयाच्या सर्व गोष्टींची एक यादी असते, पण ती गोठलेली नसते. तिच्यांत सर्वांत निकडीचें वर, त्याहून कमी निकडीचें खालीं, आणि हा क्रम ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे. दोन आठवड्यांचा (फार तर एक महिन्याचा) एक टप्पा, तोच 'स्प्रिंट'. त्या टप्प्यांत वरचीं चार-सहा कामें घ्यावयाचीं आणि तीं अर्धवट नव्हे तर चालतीं बोलतीं करून दाखवावयाचीं. रोज पंधरा मिनिटें सर्वांनीं उभ्या उभ्या भेटून कोणाचें काय अडलें आहे तें सांगावयाचें; उभ्यानें अशासाठीं कीं बसलें म्हणजे गप्पा लांबतात. टप्प्याच्या शेवटीं दोन बैठका: एकींत काय झालें तें गिऱ्हाइकास दाखवावयाचें, दुसरींत आपल्या काम करण्याच्या रीतींत काय बिघडलें याची आपसांत झाडाझडती. दुसऱ्या बैठकीस 'रेट्रो' म्हणतात, आणि सूनबाईच्या मतें या सगळ्या व्यवस्थेंत जपून ठेवण्यासारखी अशी तीच एक आहे.

दोन्हीं पद्धतींची एकाच घरांत, एकाच कामावर परीक्षा झाल्याचें उदाहरण विरळा. तसें एक अमेरिकेंत घडलें. तेथील मध्यवर्ती तपास खातें म्हणजे एफ. बी. आय. याचा कारभार एकविसाव्या शतकाच्या आरंभींहि मुख्यतः कागदावर चाले. गुन्ह्यांच्या तपासाच्या फायली संगणकावर आणाव्या म्हणून २००१ मध्यें एक मोठें काम बाहेरच्या कंत्राटदारास दिलें गेलें. गरजांचें टांचण ८०० पानांहून अधिक भरलें. त्याच वर्षीं ११ सप्टेंबरचा हल्ला झाला, खात्याच्या गरजाच पालटल्या, बदलांवर बदल मागितले गेले, आणि २००५ मध्यें तें काम सोडून द्यावें लागलें. सुमारें १७ कोटि डॉलर खर्च झाले होते. वापरण्यासारखें हातीं कांहीं आलें नाहीं. २००६ मध्यें 'सेंटिनेल' या नांवानें पुन्हा आरंभ झाला. दुसरा कंत्राटदार, चार टप्पे, अंदाज ४२.५ कोटि डॉलर, मुदत २००९ ची अखेर. २०१० च्या उन्हाळ्यांत पाहावें तों वाढवून दिलेल्या ४५.१ कोटींपैकीं सुमारें ४०.५ कोटि संपलेले, आणि चारांपैकीं दोनच टप्पे पुरे.

तेव्हां खात्यानें तें काम आपल्या हातीं घेतलें. कंत्राटदाराचीं माणसें पुष्कळ कमी केलीं, उरलेल्यांस खात्याच्या माणसांबरोबर तळघरांतल्या एका जागेंत बसविलें, आणि दोन दोन आठवड्यांच्या टप्प्यांनीं काम सुरू केलें. जुलै २०१२ मध्यें सेंटिनेल सर्व खात्यांत वापरांत आलें, आणि तेंहि त्याच ४५.१ कोटींच्या आंत. चपळ पंथाचे लोक ही कथा मोठ्या अभिमानानें सांगतात. पण सांगतांना दोन गोष्टी गाळतात, त्या आम्ही येथें नमूद करतों. एक, चपळांचीहि मुदत चुकली. सप्टेंबर २०११ पर्यंत काम संपवूं असें त्यांनीं म्हटलें होतें, आणि ऑक्टोबरांत मोठी चांचणी घेतली तेव्हां यंत्रेंच अपुरीं पडलीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: त्यांनीं जुनें गरजांचें टांचण फेंकून दिलें नाहीं, त्याचेच लहान लहान तुकडे पाडून त्यांची यादी केली. म्हणजे ज्यांनीं चार वर्षें खपून काय काय हवें तें लिहून ठेविलें होतें, त्यांच्या श्रमांवर पुढच्यांची चपळाई उभी राहिली.

आतां दुसरी बाजू. सिडनीच्या बंदरावरील ऑपेरा हाऊसचें चित्र आमच्या सर्व वाचकांनीं पाहिलें असेल. यर्न उट्सन या डेन्मार्कच्या शिल्पकाराची योजना १९५७ मध्यें निवडली गेली, आणि राजकारण्यांच्या घाईमुळें मार्च १९५९ मध्यें बांधकामास आरंभ झाला. शिंपल्यांसारखें तें छत कसें उभारावयाचें हें तोंवर कोणासच उकललें नव्हतें. उकललें तेव्हां खालीं बांधून झालेले खांब त्या छताचा भार पेलण्यास पुरेसे नाहींत असें दिसून आलें, आणि ते पुन्हा बांधावे लागले. जानेवारी १९६३ ला व्हावयाचें काम ऑक्टोबर १९७३ मध्यें झालें; सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १० कोटि २० लाखांवर गेला. उट्सन यांनीं १९६६ मध्यें राजीनामा दिला, ते परत त्या देशांत गेले नाहींत, आणि आपली पुरी झालेली इमारत त्यांनीं कधींच पाहिली नाहीं. इमारत जगन्मान्य झाली हें खरें. पण करून पाहूं, नाहीं जमलें तर बदलूं, हें सूत्र दगड-काँक्रिटाला लावलें म्हणजे काय किंमत पडते, तें त्या आंकड्यांत आहे.

आणि पुणेकरांना तर सिडनीपर्यंत जाण्याचें कारणच नाहीं. १२ जुलै १९६१ या दिवशीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें. धरणाचें काम पुरतें संपलेलें नव्हतें, आणि पहिल्याच पावसाळ्याच्या भरणीला तें गेलें. वाळूचीं पोतीं रचून तें वांचविण्याची सैनिकांनीं रात्रभर शर्थ केली होती. त्या लोंढ्यापुढें खालचें जुनें खडकवासल्याचें धरणहि टिकलें नाहीं आणि मुठेकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. आम्ही त्या वेळीं सहा वर्षांचे होतों. पाण्याचें फारसें स्मरत नाहीं. नंतरचा गाळ मात्र स्मरतो. आमचे वडील बंधु नऊ वर्षांचे होते. पुढें ते इंजिनियर होऊन पाटबंधारे खात्यांत गेले व तेथूनच निवृत्त झाले. "थोडें करून पाहूं" हे शब्द त्यांच्यासमोर काढले कीं ते अजून पाणी पिण्याचा पेला खालीं ठेवतात. सॉफ्टवेअर चुकलें तर मागचें पान उलटून पूर्वीची प्रत काढतां येते. धरणाला पूर्वीची प्रत नसते.

दादांचा व सूनबाईचा हा वाद आमच्या घरीं नुसत्या गप्पांपुरता राहिला नाहीं, कारण रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या मूळ घराच्या दुरुस्तीचा प्रश्न दोन वर्षांपूर्वीं उभा ठाकला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती भक्कम होत्या, पण वासे-रीपा वाळवीनें पोखरलेल्या, कौलें जागोजाग सरकलेलीं. घर तिघां भावांचें सामाईक. पैसाहि तिघांनीं घालावयाचा. आणि एकाचें पेन्शन दुसऱ्याएवढें नाहीं हें प्रत्येकास ठाऊक असून कोणीं बोलावयाचें नाहीं, अशी ती नाजूक अवस्था असते. ज्यांच्या घरीं सामाईक मिळकत आहे त्यांस अधिक सांगावयास नको. दादांनीं तीन महिने खपून सबंध घराचा नकाशा काढला. नवें छप्पर, वर माडी, मागें दोन खोल्या, आणि सर्वांत शेवटीं न्हाणीघर व शौचकूप घरांत आणणें. अंदाजाचा आंकडा इतका मोठा झाला कीं धाकटे बंधु कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या त्या न बोलण्याची आम्हांस मोठी चिंता वाटली. घरें वाळवीनें जातात त्याहून अधिक अशा न बोलण्यानें जातात.

तेव्हां सूनबाई म्हणाली, "काका, एकूण किती लागेल हें विचारण्याऐवजीं, मृगापर्यंत किती दिवस आहेत आणि तिघांना न दुखतां किती देतां येईल, एवढें आधीं धरूं. मग त्यांत काय काय बसतें तें पाहूं." चपळ पद्धतीचें खरें मर्म यांत आहे असें आम्हांस त्या दिवशीं उमजलें. जुनी पद्धति काम निश्चित करते आणि वेळ व पैसा यांचा अंदाज बांधते. तो अंदाज चुकला कीं भांडणें. नवी पद्धति वेळ व पैसा निश्चित करते, आणि कमीजास्त व्हावयाचें तें काम. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं छप्पर झांकलें गेलेंच पाहिजे हें तर कोंकणांत कोणालाहि सांगावें लागत नाहीं. तारीख निसर्गानेंच घालून दिलेली होती.

मग तिनें दुसरा प्रश्न विचारला. "घर सगळ्यांत जास्त कोण वापरणार?" मातोश्री दाराशीं वाती वळीत बसल्या होत्या. त्यांस ९२ वें वर्ष. गणपतीचे पंधरा दिवस गांवीं घालवावे ही त्यांची एकच इच्छा, आणि दोन वर्षें ती पुरी झाली नव्हती. त्या वर न पाहतांच म्हणाल्या, "मला माडी नको. रात्रीं उठून ओल्या अंगणांतून जावयास नको, एवढें करा." नकाशांत जें शेवटीं होतें तें यादींत पहिलें झालें.

येथें दादा हरले असें कोणीं समजूं नये. कामास आरंभ होणार त्याच्या आदल्या दिवशीं ते नकाशा घेऊन गवंड्यापाशीं गेले आणि म्हणाले कीं, न्हाणीघराची जी भिंत तुम्ही उद्यां घालणार, तिच्यावर पांच वर्षांनीं माडीची तुळई यावयाची आहे. तेव्हां पाया आजच तेवढा खोल घ्या. सांडपाण्याची टांकी विहिरीपासून किती दूर व कोणत्या अंगाला असावी, मोरीचा उतार कोठून कोठें जावा, हेंहि त्यांनीं सबंध घराचा विचार करून ठरविलें. या तीन गोष्टी टप्प्याटप्प्यानें ठरवून चालण्यासारख्या नव्हत्या; विहीर एकदां नासली म्हणजे पुढच्या पंधरवड्यांत सुधारतां येत नाहीं. सूनबाईला तें लगेच पटलें. त्यांच्या धंद्यांतहि असा पाया असतो व तो आधीं न घालणारे पुढें रडतात, असें ती म्हणाली. दर दुसऱ्या रविवारीं तिघे भाऊ फोनवर जमत, गवंडी झालेलें काम दाखवी, उरलेले पैसे मोजले जात आणि पुढचें ठरे. धाकटे बंधु त्या बैठकींत बोलूं लागले. छप्पर, न्हाणीघर आणि पडवीची फरशी, एवढें मृगापूर्वीं झालें. मागच्या खोल्या राहिल्या. माडीचें नांव सध्यां कोणी काढीत नाहीं. मातोश्री त्या भाद्रपदांत तेथें सतरा दिवस राहिल्या.

परंतु चपळ पद्धतीचें आमच्या घरांतलें दुसरें दर्शन इतकें सुखाचें नाहीं, आणि तें सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. सूनबाईच्या कंपनीचें गिऱ्हाईक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तेथें सकाळचे नऊ वाजतात तेव्हां आमच्या येथें उन्हाळ्यांत रात्रीचे साडेनऊ व हिंवाळ्यांत साडेदहा. रोजची ती पंधरा मिनिटांची बैठक त्याच वेळीं. पंधरा मिनिटांचीं चाळीस होतात. जी बैठक कोणाचें काय अडलें हें कळण्यासाठीं, तिची हजेरी झाली आहे. काल काय केलें, आज काय करणार, कालचें आज कां नाहीं झालें. दिवसभर कामावर असलेली मुलगी रात्रीं दार लावून परक्या माणसास आपल्या आठ तासांचा हिशेब देते, आणि तिचा चार वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, त्या दाराबाहेर झोंपीं जातो. टप्प्यास स्प्रिंट म्हणजे वेगाची धांव हें नांव ज्यानें दिलें, त्यास एवढें सुचलें नाहीं कीं धांवणाराही दोन धांवांच्या मध्यें श्वास घेतो. एक संपली कीं सोमवारीं दुसरी. वर्षाच्या सव्वीस.

मूळ ग्रंथकारांवर याचा दोष घालणें बरें नव्हे. स्नोबर्डच्या त्या मंडळींनीं जाहीरनाम्याला जोडून जीं बारा तत्त्वें लिहिलीं, त्यांत, काम करणारांना बेमुदत निभावतां येईल अशाच गतीनें काम चालावें, असें एक स्पष्ट आहे. माणसांवर विश्वास टाकावा हेंहि आहे. पण वरिष्ठांनीं त्यांतला रोजचा हिशेब तेवढा घेतला आणि विश्वास तसाच ठेवला. जुन्या पद्धतींत सहा महिन्यांनीं एकदां परीक्षा असे. मधले दिवस माणसाचे स्वतःचे असत, त्यांत तो विचार करी, चुके, सुधारी. आतां परीक्षा रोज. त्या सतरांपैकींच एक, डेव्ह टॉमस, यांनीं २०१४ मध्यें, हा शब्द आतां अर्थहीन झाला आहे, अशा आशयाचें लिहिलें तें वाचून आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं. ज्या पद्धतीचा जन्म कागदी कर्मकांडाला कंटाळून झाला, तिचेंहि सोवळेंओवळें वीस वर्षांत तयार झालें. तिच्या परीक्षा आहेत, प्रमाणपत्रें आहेत, आणि तीं देणारे उपाध्येहि आहेत.

सूनबाईच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या मंडळींनीं, यावर नोकरी सोडण्याचा सल्ला कधींच दिला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तुमची ती झाडाझडतीची बैठक असते ना, तिच्यांत हें सांगतां येत नाहीं का?" सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली. रेट्रोमध्यें कामाच्या अडचणी सांगावयाच्या असतात, घरच्या नव्हे, असा तेथें अलिखित संकेत. तरी तिनें तें सांगितलें. रात्रीची बैठक ही कामाचीच अडचण आहे अशा शब्दांनीं सांगितलें. पाठोपाठ आणखी तिघांनीं तेंच म्हटलें, त्यांत दोन पुरुष होते. गेल्या दोन टप्प्यांपासून ती बैठक सोमवारीं व गुरुवारीं असते. बाकीचे तीन दिवस प्रत्येकानें चार ओळी लिहून ठेवावयाच्या आणि तिकडच्यांनीं आपल्या सकाळीं वाचावयाच्या. हें प्रयोगादाखल आहे, असें कंपनीनें कळविलें आहे. प्रयोगाची मुदत आणखी एक पंधरवडा.